सावईवेरेंचा निनावी स्टिरिओ: उजवी बाजू खचते, दुखणं डावीकडे

मिरग लागून पाच-सहा दिवस झाले असतील, तेव्हा सावईवेरेंहून फोन आला. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढचं. गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही मास्तरच म्हणतो. "वडलांचा टेलिफुंकेन आहे रे. लावल्या लावल्या चांगला गातो, मग हळूहळू उजवा कान बंद पडतो त्याचा. दोघा-तिघांना दाखवून झाला. चवथीला माटोळीच्या खोलीत वाजायला हवा. बघशील का?" टेलिफुंकेन ही जुनी जर्मन रेडिओ कंपनी. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास.

फोंड्याला माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. बहुतेक काम भजनी मंडळांच्या अँप्लिफायरचं आणि देवळांतल्या भोंग्यांचं. व्हॉल्व्हचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचं यंत्र वर्षातून दोन-तीनदाच येतं, पण आलं की बाकीची कामं मी मागे सारतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण या यंत्रावर कुठेच नाव नव्हतं आणि नाव ठरवण्याच्या घाईत माझे पहिले दोन दिवस चुकीच्या वाटेला गेले. पेटी बदललेली, पाटी हरवलेली अशी यंत्रं गोव्यातल्या जुन्या घरांतून माझ्याकडे याआधीही आली आहेत आणि पुढेही येतील.

घर कुळागरात. पोफळींच्या सावलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. भिंतीला हात लावला तर ओल लागते. माजघरात शिसवी लाकडाची साडेचार फूट लांब पेटी, दोन टोकांना जाळीच्या कापडामागे स्पीकर, मधे काचेची डायल, वर झाकण उचललं की आत तबकड्यांचा प्लेअर. पेटी पाहूनच कळलं की ही परदेशी कारखान्यातली नाही. कोपऱ्यांचे सांधे आपल्याकडच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, हाताने बसवलेले आहेत. मागची फळी काढली तर आतल्या बाजूला पेन्सिलीने मापं लिहिलेली होती: १४॥, २२।, ९॥।. साडेचौदा, सव्वाबावीस, पावणेदहा. ही पाव-अर्धा-पाऊण लिहायची जुनी पद्धत माझ्या आजोबांच्या हिशेबाच्या वहीत मी पाहिली होती, रेडिओच्या पोटात पहिल्यांदाच पाहिली.

मास्तरांनी हकीकत सांगितली. वडलांनी हा रेडिओ पणजीच्या एका दुकानातून आणला तेव्हा मास्तर इंग्रजी चौथीत होते. पोर्तुगीज राज्याची शेवटची वर्षं ती. भारताने नाकेबंदी केलेली होती, पण लोह खनिजाच्या निर्यातीमुळे गोव्यात पैसा खेळत होता आणि बंदरातून जर्मन रेडिओ, इंग्लिश कपडे, हॉलंडचं चीज उतरत होतं. पलीकडे बेळगावात जी वस्तू परवान्याशिवाय मिळत नसे ती इथे दुकानात मांडलेली असे. मूळ पेटी सत्तरच्या दशकात वाळवीने खाल्ली. वडलांनी आतलं यंत्र तेवढं काढून घेतलं आणि मेस्ताकडून ही नवी पेटी करून घेतली. मूळ पेटीबरोबर मागची पुठ्ठ्याची फळी गेली, फळीबरोबर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि व्हॉल्व्हची यादी गेली. उरलं ते घरातल्यांच्या तोंडात: टेलिफुंकेन.

मी मागून टॉर्च मारला. ईसीसी ८३ व्हॉल्व्ह हलकेच काढून बुडाकडून पाहिला, तर पिनांच्या मधोमध काचेतच उठवलेली चौकट, हिऱ्याच्या आकाराची. ही टेलिफुंकेनच्या व्हॉल्व्हची खूण. मी मान डोलावली आणि मास्तरांना म्हटलं, "टेलिफुंकेनच असणार." इथेच चुकलो. व्हॉल्व्ह हा बाजारात सुटा मिळणारा माल होता. एकाच्या रेडिओत दुसऱ्याचा व्हॉल्व्ह ही रोजची गोष्ट, आणि साठ वर्षांत तो कितीदा बदलला असेल कोण जाणे. व्हॉल्व्हवरचं नाव व्हॉल्व्हपुरतंच खरं असतं.

दुकानात आणल्यावर त्याच समजुतीने मी माझ्या जुन्या सर्किटांच्या फायलीतून त्या काळातल्या एका टेलिफुंकेन स्टिरिओचं सर्किट काढलं. त्यात डाव्या-उजव्या बाजूला दोन वेगळे आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे. आपल्या चासीवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन, पण आउटपुटचा व्हॉल्व्ह एकच, आणि त्याच्या शेजारी पत्र्याने बंद केलेलं एक गोल भोक. मी हिशेब जुळवला: दुसरा व्हॉल्व्ह कोणीतरी काढून नेला आणि भोक बुजवलं. मास्तरांना फोन करून तसं सांगूनही टाकलं. मग दोन दिवस त्या हरवलेल्या व्हॉल्व्हच्या तारा शोधत बसलो. तारा सापडेनात, कारण त्या कधी नव्हत्याच. ते भोक कारखान्यातूनच तसं आलं होतं. एकच चासी चार मॉडेलांना वापरायची, ज्या मॉडेलात जो भाग नाही त्याचं भोक बुजवायचं, ही सगळ्याच कारखान्यांची रीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते सर्किट फायलीत परत ठेवलं, नाव बाजूला ठेवलं आणि समोर जे आहे ते वाचायला बसलो.

यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं

आधी बटणं. पाच बटणांवर अक्षरं: टीए, एल, एम, के, यू. एल म्हणजे लांग, एम म्हणजे मिटेल, के म्हणजे कुर्त्स, यू म्हणजे यूकेडब्ल्यू. लाँग वेव्ह, मीडियम, शॉर्ट आणि एफएम. टीए हे टोनआबनेमर, तबकडीचा पिकअप. हाच रेडिओ इंग्लंडसाठी केला असता तर तिथे पीयू असतं. म्हणजे जर्मन माल, आणि जर्मन गिऱ्हाइकासाठी केलेलाच बाहेर आलेला.

मग डायल. हिल्व्हरसम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग अशी युरोपातली स्टेशनं. पण काच याच चासीची कशावरून? पेटी बदलताना दुसऱ्याच रेडिओची काच बसवली असेल तर तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष फसवा. म्हणून हव्या त्या आकड्याची लहर देणारा सिग्नल जनरेटर लावला. ६०० किलोसायकलला काटा ६०० वर, १००० ला १००० वर, १४०० ला केसभर पुढे. आकड्यांमधली अंतरं ट्युनिंग कंडेन्सरच्या पात्यांच्या आकारावर ठरतात, त्यामुळे परक्या काचेवर तीन ठिकाणी असा मेळ बसत नाही. काच याचीच.

आणि त्या काचेवर एफएमची पट्टी १०० मेगाहर्ट्झला संपते. जर्मनीत एफएमचा पट्टा आधी तिथवरच होता, १०४ आणि १०८ पर्यंत तो पुढे वाढत गेला. हा काळाचा एक खुंटा. दुसरा खुंटा: आत दोन बाजू आहेत, आणि स्टिरिओ तबकडी बाजारात आली १९५८ साली. तिसरा: रेडिओच्या भागात स्टिरिओ उलगडणारा डिकोडर नाही, त्याची जागासुद्धा नाही. जर्मनीत स्टिरिओ एफएम प्रसारण १९६३ मध्ये सुरू झालं. म्हणजे या यंत्राला दोन बाजू आहेत त्या फक्त तबकडीसाठी. रेडिओ लावला की दोन्हीकडून एकच आवाज येतो आणि तो तसाच यायचा असतो. हे मुद्दाम लिहितो, कारण मास्तरांकडे आलेल्या एका मेकॅनिकने "रेडिओ स्टिरिओ वाजत नाही" हाही बिघाड धरला होता.

चौथा खुंटा वीज साठवून सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर. ५०+५० मायक्रोफॅरड, ३५०/३८५ व्होल्ट, आणि खाली ठशाने ११ ६०. नोव्हेंबर १९६०. डब्याचे पाय चासीच्या पत्र्यात मुरगाळलेले, झाळ जुनी, मूळची. कंडेन्सर यंत्राच्या आधी बनतो, तेव्हा हे यंत्र १९६० च्या अखेरीच्या आधीचं नाही. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर अशा आयातीवर भारताचे निर्बंध लागू झाले. मास्तरांची आठवण आणि डब्यावरचा ठसा एकमेकांना धरून होते.

राहिला आउटपुटचा तो एकटा व्हॉल्व्ह. नऊ पिनी, पण त्यावरची छपाई पार पुसलेली. व्हॉल्व्हची अक्षरं बोट लागलं तरी जातात, आधीच्या कोणीतरी फडक्याने लख्ख पुसला होता. बारकाईने पाहिलं तर काचेच्या आत एक नाही, दोन करड्या ताटल्या शेजारी शेजारी. वायर शोधत गेलो: एका ताटलीची तार डाव्या ट्रान्सफॉर्मरला, दुसरीची उजव्या. एका काचेत दोन पेंटोड, म्हणजे आवाज वाढवणारे दोन व्हॉल्व्ह.

खात्रीसाठी एक जुना उपाय केला. अक्षरं पुसली गेली तरी काचेच्या पृष्ठभागावर त्यांचा ठसा राहतो आणि वाफ त्यावर वेगळी बसते. व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकानातली हवा पिळून काढावी इतकी ओली. पिशवीतून व्हॉल्व्ह काढला आणि दिव्यासमोर तिरका धरला. सबंध काच क्षणात धुकटली, आणि त्या धुक्यात आधी दोन उभ्या रेघा, मग ८, मग ०. पाच-सहा सेकंद अक्षरं स्वच्छ दिसली: ईएलएल ८०. मग थेंब जमले आणि सगळं ओघळून गेलं. कोरड्या मुलखात हे करायला तोंडाची वाफ मारावी लागते. आपल्या पावसाळ्याने ते काम फुकट केलं.

ईएलएल ८० हा १९६० च्या सुमारास आला तो खास स्टिरिओ रेडिओंसाठी. दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह घालण्यापेक्षा एकाच काचेत दोन आउटपुट बसवले की जागा वाचते, पैसा वाचतो. दर बाजूला साधारण ३ वॅट. ट्रान्झिस्टर आले आणि त्याचे दिवस लवकरच संपले. आज तो मिळणं कठीण, मिळाला तर महाग. आता ओळख पुरेशी झाली होती: पश्चिम जर्मन, १९६१ च्या आसपासचा, मधल्या किमतीचा स्टिरिओ रेडिओ. ईसीसी ८५, ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएबीसी ८०, ईसीसी ८३, ईएलएल ८० आणि स्टेशन नीट लागलं की नाही ते हिरव्या पट्टीने दाखवणारा मॅजिक आय ईएम ८४. कंपनीचं नाव नाही मिळालं, पण दुरुस्तीला ज्याची गरज होती ते सगळं मिळालं. मी कागद घेतला आणि आउटपुटचं सर्किट तारांवरून हाताने उतरवून काढलं.

डावीकडची गळती

व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन कॅथोडकडून ताटलीकडे जातात, आणि मधल्या ग्रिड नावाच्या जाळ्या त्यांना आवरतात. आता या व्हॉल्व्हच्या नऊ पिनांचा हिशेब करून बघा. हीटरच्या दोन. दोन पेंटोड म्हणजे ताटल्या दोन, कंट्रोल ग्रिड दोन, स्क्रीन ग्रिड दोन. झाल्या आठ. उरली एक, आणि कॅथोड दोन बाजूंना लागतात. म्हणून दोघांचा कॅथोड एकच. आणि कॅथोड एक म्हणजे त्याखालचा रेझिस्टन्सही एकच, इथे १६० ओमचा. दोन्ही पेंटोडचा करंट त्यातून खाली उतरतो, त्यातून त्यावर सुमारे ९ व्होल्ट उभे राहतात, आणि त्या व्होल्टेजवर दोघांचाही तोल सांभाळला जातो. एका खांद्याच्या कावडीसारखं आहे हे: एक घागर जड झाली की दुसरी आपोआप वर जाते.

चासी सिरीज बल्बवर घेतली. साठ वॅटचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडून ठेवायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. बल्ब आधी पेटला, मग मंदावला. म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट लाइनवर. पहिल्या दोन मिनिटांत कॅथोडवर १० व्होल्ट. दोन्ही बाजू ठीक वाजत होत्या. दहा मिनिटांनी ११. वीस मिनिटांनी साडेबारा, आणि मास्तर म्हणाले होते अगदी तसंच झालं: उजवी बाजू बारीक होत गेली, गाण्यातली वरची जागा आली की फाटायला लागली. डावी मात्र दणदणीत. दुकानातला दिवा मालवून पाहिलं तर व्हॉल्व्हमधली डावी ताटली कडेला मंद लाल.

साडेबारा व्होल्ट भागिले १६० ओम, सुमारे ७८ मिलिअँपिअर. दोघांचा मिळून करंट असायला हवा ५७ च्या आसपास. वाढीव कोण पितोय? उजव्या ग्रिडवर शून्य व्होल्ट, बरोबर. डाव्या ग्रिडवर अधिक ८. तिथे एक व्होल्टही असता कामा नये.

तर गोष्ट अशी. ईसीसी ८३ च्या ताटलीवर सव्वाशे-दीडशे व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, असते आणि तिथून गाणं पुढच्या ग्रिडवर न्यायला मधे एक कपलिंग कंडेन्सर असतो. त्याचं काम गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचा. डावीकडचा मूळचा, तपकिरी, कागदी कंडेन्सर आता डीसी झिरपू देत होता. किती? ग्रिडचा रेझिस्टन्स ६८० किलोओम, त्यावर ८ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १२ मायक्रोअँपिअर. एका अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले बारा. एवढ्याशा गळतीने डावा पेंटोड उघडा पडला आणि आपल्या मर्यादेच्या दुप्पट तापू लागला. त्याच्या करंटने सामाईक कॅथोड वर उचलला गेला आणि बिचाऱ्या उजव्याचा गळा आवळला गेला. यंत्र तापलं की कागदातली गळती वाढते, म्हणून दुखणं सुरुवातीला दिसत नव्हतं, वीस मिनिटांनी दिसत होतं.

आधीच्यांनी काय केलं होतं तेही चासीच्या पोटात लिहिलेलं होतं. उजव्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर नवा, उजवे दोन रेझिस्टन्स नवे, उजव्या स्पीकरची वायर नवी. डाव्या बाजूला कोणी हातच लावला नाही, कारण डावी वाजत होती. त्यांनी मीटरने डावा कंडेन्सर तपासला असता तरी तो सुटला असता. मी काढून लावला तेव्हा मीटरने २४ नॅनोफॅरड दाखवले, त्यावर छापलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. साधा मीटर कंडेन्सरला दोन-तीन व्होल्टांवर मोजतो. गळती दिसते ती दीडशे व्होल्टांवर. जुना कागदी कंडेन्सर मीटरवर पास झाला म्हणून ठेवून देऊ नये, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

मास्तर त्या बुधवारी नातीबरोबर फोंड्याच्या बाजाराला आले होते, दुकानात डोकावले. मी त्यांना खुर्ची दिली, यंत्र वीस मिनिटं तापू दिलं. उजवी बाजू खचली. मग बंद करून, फिल्टर कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवून, डाव्या कंडेन्सरचं एक टोक झाळणीने सोडवलं आणि पुन्हा चालू केलं. डावी बाजू अर्थातच गप्प झाली. आणि उजवी, जी गेली काही वर्षं त्यांनी धड ऐकलीच नव्हती, ती भरल्या आवाजात गाऊ लागली. मास्तरांनी कानामागे तळहात धरला आणि खुर्ची उजव्या स्पीकरकडे सरकवली. "म्हणजे हिचं काही दुखतच नव्हतं?" मी म्हटलं, "नाही मास्तर. शेजाऱ्याचं ओझं वाहत होती." कॅथोडवर तेव्हा ९.२ व्होल्ट होते.

काय बदललं, काय ठेवलं

कागदी कंडेन्सर सगळे बदलले, दोन्ही बाजूंचे. कपलिंगला २२ नॅनोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन. जुन्यांच्या नळ्या गरम करून आतला माल काढला आणि नवे त्यात बसवले, म्हणजे चासी उलटी केली तर मूळचीच दिसते. यात वेळ जातो आणि आवाजात फरक पडत नाही, तरी मी करतो. पुढे कोणाला यंत्राचं वय वाचायचं असेल तर त्याच्यासाठी खुणा राहतात.

फिल्टरचा डबा हळूहळू व्होल्टेज देऊन परत उभा करता येतो असं काहीजण म्हणतात. साठ पावसाळे कुळागरात काढलेल्या डब्यावर मी तो भरवसा ठेवत नाही. डबा जागेवर ठेवला, ११ ६० चा ठसा समोर दिसेल असा, आणि नवे कंडेन्सर खाली जोडले.

एसीचा डीसी करणाऱ्या सेलेनियम रेक्टिफायरवर बी२५०सी१०० लिहिलेलं. बी म्हणजे ब्रिज, २५० एसी व्होल्ट, सी म्हणजे कंडेन्सरवर चालणारा, १०० मिलिअँपिअर. तो थकला होता, आणि सेलेनियम जळला की कुजक्या मुळ्यासारखा जो वास सुटतो तो विषारी असतो. घरात, चवथीच्या गर्दीत, ते नको. सिलिकॉनचा ब्रिज घातला. पण सिलिकॉन स्वतःवर फारसं व्होल्टेज अडवत नाही, त्यामुळे पुढे जास्त व्होल्ट जातात. म्हणून त्याच्या पुढे २२० ओम, १० वॅटचा रेझिस्टन्स दिला आणि एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं उंच डीसी व्होल्टेज, २५० वर आणून ठेवलं.

लाइन व्होल्टेजचा मुद्दा वेगळा. मागे व्होल्टेज निवडायची चकती असते, ती २२० वर होती. मास्तरांच्या घरी मी रात्री मोजलं तर २४३. म्हणजे ६.३ व्होल्टच्या हीटरना जवळजवळ ७ मिळत होते, वर्षानुवर्षं. चकती २४० वर फिरवली. या एका फिरवणीला पैसा लागत नाही आणि व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं. ज्यांच्या घरी असा जर्मन रेडिओ आहे त्यांनी आज रात्री, प्लग काढून, एवढं तरी बघावं.

स्पीकरचे कागद बुरशीने ठिपकलेले पण शाबूत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघितलं: डावा पडदा बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्याची नवी वायर कोणीतरी उलटी जोडली होती. दोन स्पीकर असे उलटसुलट ढकलत असले की एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. तबला नुसता टिकटिकतो. दोन तारांची अदलाबदल केली आणि डग्गा परत आला.

प्लेअरचा पिकअप मात्र गेलेलाच होता. त्या काळातल्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. नावाप्रमाणे तो मीठच. दमट हवेत मिठाच्या बरणीचं होतं तेच त्याचं होतं. सिरॅमिकचा पिकअप बसवला, तो पाणी खात नाही आणि टीएच्या इनपुटला चालतो.

ईएलएल ८० वाचला. डावा अर्धा थकलाय, मोजून २.१ वॅट देतो, उजवा २.६. बॅलन्सची कळ थोडी फिरवली की कानाला फरक कळत नाही. नवा मागवावा का, यावर मी आणि मास्तर बराच वेळ बोललो. मी नको म्हटलं. हा संपला तर नऊ पिनी बुडावर एक छोटी पट्टी बसवून त्यावर दोन ईएल ९५ लावता येतील. तेही त्याच ताकदीचे, आणि सहज मिळतात. चासीला एक भोकही पाडावं लागणार नाही. त्याचा कागद काढून ठेवलाय.

एफएमचं मात्र मास्तरांना नाही म्हणावं लागलं. त्यांना पणजीचं एफएम रेनबो हवं होतं, ते १०५.४ वर. डायल १०० ला संपते. ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडणारं सर्किट, सरकवून तो पट्टा आत आणता येतो, पण मग काचेवरचा प्रत्येक आकडा खोटा होतो, आणि याच आकड्यांनी मला यंत्राचा काळ सांगितला होता. त्याऐवजी तळहाताएवढा एक एफएम-ब्लूटूथचा डबा टीएच्या डिन सॉकेटला जोडून पेटीत मागे ठेवला. रेनबोही लागतं, नातीच्या फोनमधली गाणीही, दोन्ही बाजूंनी.

मीडियम वेव्हवर काचेला नखाच्या लाल रंगाचा एक बारीक ठिपका होता. साफ करताना तो मी पुसला नाही. मास्तरांची आई अक्षरओळख नसलेली, तिला पणजी केंद्र लावता यावं म्हणून वडलांनी दिलेला. पोर्तुगीजांच्या वेळी ते एमिसोरा द गोवा होतं, मुक्तीनंतर आकाशवाणी झालं. काटा ठिपक्यावर आणायचा, बस.

पेटी पोचवायला गेलो तेव्हा नातीने एक छोटी पुडी पुढे केली. ऑनलाइन मागवलेली पितळी पाटी, टेलिफुंकेनची. "काका, ही डायलच्या वर बसवाल? आजोबांना बरं वाटेल." मुलीचं मन मोडवत नव्हतं. तिला चासी दाखवली, ते बुजवलेलं भोक दाखवलं, आणि त्या एका नावापायी माझे दोन दिवस कसे गेले ते सांगितलं. उद्या मी नसेन, दुसरा कोणी हे उघडेल, पाटी वाचून टेलिफुंकेनचं सर्किट पसरेल आणि नसलेला व्हॉल्व्ह शोधत बसेल. मास्तर ऐकत होते. म्हणाले, "राहू दे बाळ. मी वर्गात कोणाला न येणाऱ्या उत्तराचे मार्क दिले नाहीत."

पाटीऐवजी मागच्या फळीच्या आतून, मेस्ताच्या मापांशेजारी, मी एक कार्ड चिकटवलं. त्यावर व्हॉल्व्हची यादी, हाताने काढलेलं आउटपुटचं सर्किट, कॅथोड ९.२ व्होल्ट, एचटी २५०, चकती २४०, बदललेल्या भागांची नावं आणि तारीख. पश्चिम जर्मनी, सुमारे १९६१. कंपनीची ओळ कोरी. खाली मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भर घातली: पेटी सावईवेरेंच्या मेस्ताची.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर लावायला सांगितलं, व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल निघते. वीज कडाडू लागली की प्लग काढायचा. चवथीचे पाच दिवस यंत्र सकाळ-संध्याकाळ वाजलं. डिसेंबरात त्या बाजूला एका देवळाच्या अँप्लिफायरसाठी गेलो होतो, वाटेत मास्तरांकडे थांबलो. अर्धा तास तापू देऊन मीटर लावला. कॅथोड ९.१, डावा ग्रिड शून्य, उजवा शून्य. कार्डावर त्या दिवसाची तारीख घालून आकडे लिहिले, तोवर नात चहा घेऊन आली.